अकरा बेचाळीसची नोंद

नूतन रामटेकेला अर्धवट काम बघवत नसे. कोणी अर्जावर सही करून नाव लिहायला विसरलं, तरी ते तिला दिवसभर सलायचं. चंद्रपूरच्या त्या बँकेतल्या कार्ड विभागात पाच जण होते, पण चौकशीचं उत्तर नीट, पूर्ण आणि एका दमात द्यायचं तर ते नूतननंच, असं सगळे म्हणायचे. काही कौतुकानं म्हणायचे, काही आपली मान सोडवायला. तिलाही ते आवडायचं, हे लपवण्यात अर्थ नाही.

काम असं. एटीएम कार्डावर कुठं, किती वाजता, किती रुपये निघाले याची बारीक नोंद बँकेत नसते, ती मुंबईकडच्या एका कंपनीच्या मशीनांत असते. पूर्वी तिकडं मेल करायचा आणि आठ दिवस वाट बघायची. दोन वर्षांपूर्वी कंपनीनं एपीआय दिला. विभागप्रमुख बोम्मावार साहेबांनी पहिल्या महिन्यात तो शब्द एवढ्यांदा उच्चारला की शिपाईसुद्धा चहा देताना एपीआय चालू आहे का विचारायचा. नूतननं तो वडलांना असा समजावला होता: भिंतीत एक खिडकी आहे, आपण कार्डाचा नंबर नि तारीख लिहून चिठ्ठी आत सरकवायची, चार सेकंदांत उत्तर बाहेर सरकतं. आत कोण बसलंय ते दिसत नाही, आणि विचारलं तेवढंच तो सांगतो. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात एका ठेकेदाराच्या हाताखाली पस्तीस वर्षं काढलेले गुलाबराव म्हणाले होते, "म्हंजे आमच्या टाइम ऑफिसातल्या बाबूवानीच." तेव्हा दोघंही हसले होते.

खिडकी उघडायला लॉगिन लागे. कंपनी दर माणशी पैसे लावी, म्हणून बँकेनं एकच लॉगिन घेतला होता, बोम्मावार साहेबांच्या नावाचा. पासवर्ड पाचही जणांना पाठ. सकाळी जो आधी येईल त्यानं उघडून ठेवायचा. नियमात हे बसत नव्हतं, पण काम चालत होतं, आणि चालत्या कामाला आपल्याकडे कोणी नियम विचारत नाही.

मार्चमध्ये बुधरी हिचामी बँकेत आली. एटापल्लीच्या पलीकडच्या गावातून पहाटे निघालेली, सूरजागडच्या खाणीच्या ट्रकांच्या रांगेत बस अडकून दुपारी दीडला पोचलेली, कडेवर चार वर्षांची पोर. तिचा नवरा मुखरू अहेरीपासून तीस किलोमीटरवर एका वाहतूक ठेकेदाराच्या यार्डात ट्रकांवर ताडपत्री बांधायचा. दहा जानेवारीला, सव्वाअकराच्या सुमाराला दोर तुटला आणि तो ट्रकावरून डोक्यावर पडला. पिकअपमध्ये घालून अहेरीच्या दवाखान्यात नेला तेव्हा साडेबारा वाजले होते आणि जीव राहिला नव्हता. ठेकेदारानं मजुरांचा अपघात विमा काढलेला होता. विमा कंपनीनं पासबुक बघितलं, त्यात नेमकं दहा जानेवारीला तीन हजार निघाल्याचं छापलेलं. तसा व्यवहार झाला की नाही, एवढाच दाखला बँकेकडून आणा, असं त्यांनी बुधरीला सांगितलं होतं.

नूतनला तिचं फार वाईट वाटलं. तिनं स्वतः अर्ज भरला, पोरीला बिस्किटाचा पुडा आणून दिला, रांगेतल्या तीन चौकशा मागं टाकून हिची आधी घेतली. खिडकीतून उत्तर आलं: दहा जानेवारी, अकरा बेचाळीस, अहेरीचं एटीएम, पिन बरोबर, रक्कम तीन हजार. विमावाल्यांनी 'हो की नाही' विचारलं होतं. 'हो' लिहून सोडलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण अर्धवट उत्तर देईल ती नूतन कसली! तिनं टंकलं: 'सदर दिवशी सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांनी अहेरी येथील एटीएममधून कार्डधारकाने पिन वापरून रक्कम काढली आहे.' शिक्का मारला, साहेबांची सही घेतली, कागदाला प्लास्टिकचं कव्हर घातलं.

"आता काई अडचन नाई ना येनार, बाई?" बुधरीनं विचारलं.

"नाही येणार. सगळं पूर्ण लिहिलंय."

जूनमध्ये बुधरी परत आली. या वेळी सोबत रोशन मट्टामी होता, मुखरूच्याच टोळीतला, पस्तिशीचा, दोन लेकरांचा बाप. तो आत यायला तयार नव्हता. बुधरीनं ते प्लास्टिकचं कव्हर टेबलावर ठेवलं. आत नूतनचा दाखला होता आणि त्याच्यामागं विमा कंपनीचं पत्र.

पत्रात लिहिलं होतं की मुखरू हिचामी त्या दिवशी कामावर नव्हता. सोबत जोडलेल्या हजेरीपत्रकात त्याच्या नावापुढं रिकामी जागा आहे. बाकी एकोणीस मजुरांची पूर्ण आणि रोशन मट्टामीची अर्धी हजेरी आहे. बँकेच्या दाखल्यानुसार मुखरू अकरा बेचाळीसला अहेरीत स्वतः पैसे काढत होता, म्हणजे सव्वाअकराला तीस किलोमीटरवरच्या यार्डात तो असू शकत नाही. ठेकेदाराची हजेरी ठेवणाऱ्या मुनशीनं दवाखान्यात लिहून दिल्याप्रमाणे तो सुटीवर असताना अहेरीच्या रस्त्यावर अनोळखी वाहनानं उडवला. सबब दावा नामंजूर.

नूतननं पत्र दोनदा वाचलं.

"बाई, तुमीनच लिवून देल्लं ना, का तो अहेरीत पैसे काढून राह्यला होता?" बुधरीचा आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "तो तं कामावर होता. मी त्याले सकारी पेज देल्ली, डबा देल्ला."

"मग पैसे कोणी काढले?"

"रोशननं. आनखीन कोन काढन?"

नूतन उठून बाहेर व्हरांड्यात गेली. रोशन भिंतीला टेकून उभा होता. "रोशनभाऊ, मुखरूचं कार्ड तुमच्याकडे कसं?"

"सगळ्याइचेच माह्याजवळ राह्यते, मॅडम." त्याला हा प्रश्नच विचित्र वाटला. "एटीएम तीस किलोमीटर. सगळे गेले त सगळ्याइची हजेरी कटते. म्हनून दर म्हैन्याले मुनशी मले अर्धी सुटी देते. मी सगळ्याइचे कारडं नेतो, पैसे काढून आनतो. जो तो पेट्रोलासाठी दहा रुपये देते. पिन कारडावरच कागदावर चिकटवून राह्यते."

"मुनशीच सुटी देतो?"

"त्यानंच त ठरवून देल्लं. त्याचंबी कारड कदी कदी मीच नेतो."

नूतनला एकदम राग आला, आणि तो आधी रोशनचा आला, मग मुनशीचा, आणि शेवटी जिथं यायचा तिथं आला. खिडकीनं 'पिन बरोबर' एवढंच सांगितलं होतं. 'कार्डधारकाने' हा शब्द नूतनचा होता. गेली सात वर्षं ती प्रत्येक दाखल्यात तो लिहीत आली होती, कारण पिन ज्याचा तोच पिन टाकतो, असं प्रशिक्षणात शिकवलं होतं. प्रशिक्षण नागपुरात झालं होतं, आणि तिथं दर चौकाला दोन एटीएम आहेत.

ती आधी बोम्मावार साहेबांकडं गेली. दाखला दुरुस्त करून द्या, पिन जुळला एवढंच लिहा, कोणी टाकला ते बँकेला माहीत नाही असं लिहा, म्हणून विनवलं.

"अवो मॅडम, देल्लेला दाखला बदलवला की बँक चुकली असा त्याचा अर्थ होते," साहेब म्हणाले. "अन् पिन दुसऱ्याले सांगनं हा त्याइचाच गुन्हा हाय. तुमी कायले मधात पडता?"

एटीएमच्या कॅमेऱ्याचं चित्रण मागावं, तर ते तीन महिन्यांनी पुसलं जातं. पाच महिने उलटून गेले होते.

दुसऱ्या दिवशी साहेब बँकेच्या संचालकांना घेऊन मोहर्लीला वाघ दाखवायला गेले. विभागात शांतता होती. लॉगिन नेहमीप्रमाणे उघडा होता. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी नूतननं एक गोष्ट केली जी तिनं आजवर केली नव्हती. कार्डाचा नंबर न टाकता तिनं अहेरीच्या एटीएमचा नंबर टाकला आणि दहा जानेवारीची सकाळ मागितली. असा शोध घ्यायला तक्रार क्रमांक लागतो. तिनं बुधरीच्याच अर्जाचा क्रमांक टाकला.

चार सेकंदांत यादी आली. अकरा एकवीस ते अकरा अठ्ठावन्न, एकवीस कार्डं, एकामागं एक. दोन कार्डांत दीड-दोन मिनिटांचं अंतर, मधे दुसरं कोणी नाही. तीन कार्डांचा पिन पहिल्यांदा चुकलेला, लगेच दुसऱ्यांदा बरोबर. मुखरूचं कार्ड तेरावं. रोशनचं स्वतःचं सगळ्यात शेवटी. एकच माणूस हातात गठ्ठा घेऊन उभा आहे, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. आणि त्यातली एकोणीस कार्डं ज्यांची होती, ते त्या वेळी यार्डात हजर होते, असं ठेकेदाराचं हजेरीपत्रकच सांगत होतं. नूतनला इतका आनंद झाला की तिनं टेबलावर हात आपटला. तिनं सगळ्या नंबरांचे मधले आकडे झाकले, यादी छापली, हजेरीपत्रकाशी जुळवून दाखवणारं पत्र स्वतः लिहिलं आणि बुधरीचा अंगठा घेऊन विमा कंपनीला पाठवून दिलं.

रविवारी ती एसटीनं यार्डापर्यंत गेली. त्या एकोणीस जणांतल्या चौघांनी तरी लिहून द्यावं, की आमचंही कार्ड रोशनजवळ होतं. माणसं भली होती, चहा पाजला, मुखरूची आठवण काढून हळहळली. पण सहीचं नाव काढलं की तोंडाला कुलूप. पत्राची कुणकुण लागलेल्या मुनशीनं आदल्याच दिवशी सगळ्यांना बसवून सांगितलं होतं, की ज्यानं पिन दुसऱ्याला दिला असं कबूल केलं त्याचं खातं बँक बंद करते, आणि खातं बंद म्हणजे पगार बंद. रोशन तेवढा म्हणाला, "मी देतो लिवून." दोन दिवसांनी मुनशीनं त्याला विचारलं, की मेलेल्या माणसाच्या खात्यातून पैसे काढलेस ते कोणत्या कलमात बसतं ते माहीत आहे का? मुखरू सव्वाअकराला पडला, पैसे अकरा बेचाळीसला निघाले. रोशनला हा हिशोब सुचलाच नव्हता. त्यानंतर त्यानं बुधरीचा फोन घेतला नाही, आणि त्याला दोष तरी कोणत्या तोंडानं द्यायचा?

ऑगस्टमध्ये बँकेच्या मुख्य कार्यालयातून तीन जणांची समिती आली. ठेकेदाराच्या वकिलानं तक्रार केली होती, की बँकेनं एकवीस खातेदारांची गुप्त माहिती बाहेर दिली. जी खिडकी नुसती उत्तरं देते असं नूतन समजत होती, ती कोण काय विचारतं तेही लिहून ठेवत होती. समितीच्या प्रमुख बाईंनी कागद पुढं धरला: अठरा जून, चार वाजून दहा मिनिटं, शोध घेणारे निकेश बोम्मावार.

"मी कसा असन?" साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "मी त त्या रोजी मोहर्लीले होतो. संचालक साहेब सोबत होते, विचारा त्याइले. माहा लॉगिन सगळेच वापरतात. नाव माहं दिसते, म्हनून काय मी झालो का?"

तिघंही हसले. "हो हो, ते आम्हाला कळतं," प्रमुख बाई म्हणाल्या. "सगळ्याच शाखांत असं चालतं. लॉगिन एकाचा, हात दुसऱ्याचा. तुमच्यावर काहीच येत नाही." दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ना कोणी कॅमेरा मागितला, ना चार साक्षीदारांच्या सह्या.

"शोध मी घेतला," नूतन म्हणाली. "ते मी लपवत नाही. पण मॅडम, मुखरू हिचामीचं अगदी हेच आहे. कार्ड त्याचं, हात दुसऱ्याचा. त्याच्यासोबत जिप्सीत संचालक बसलेले नव्हते, एवढाच फरक."

बोम्मावार साहेब पेनाचं टोपण काढघाल करत राहिले.

"तो वेगळा विषय आहे," प्रमुख बाई म्हणाल्या.

"वेगळा कसा? साहेबांचं तोंडी ऐकलंत. त्याच्या बायकोचं का नाही ऐकत? माझ्या दाखल्यातला एक शब्द चुकलाय, तेवढा दुरुस्त करून द्या. मग मला काय करायचं ते करा."

"यादी परवानगीशिवाय काढलेली आहे. तिची दखल घेता येणार नाही. दाखला मात्र अधिकृत आहे, रीतसर अर्जावर दिलेला." त्यांनी फाइल मिटली. "तुमच्या कामाबद्दल कोणाची तक्रार नाही हं. दाखला उत्तमच लिहिलाय तुम्ही."

नूतन करारावर होती. महिनाअखेरीला करार संपला आणि पुढं वाढला नाही. बोम्मावार साहेबांना पासवर्ड बदलण्याची सूचना मिळाली. त्यांनी तो बदलला आणि उरलेल्या चौघांना सांगितला.

विमा कंपनीचं दुसरं पत्र पहिल्यासारखंच आलं, फक्त थोडं लहान.

सप्टेंबरच्या एका दुपारी ऊर्जानगरच्या घरापुढं जीप थांबली. पुढं मुनशी, मागं बुधरी नि पोर. ठेकेदाराचा वकील चंद्रपुरात बसतो, तिथून ते येत होते. मुनशी अदबीनं बोलला. मालकांनी माणुसकीनं पन्नास हजार द्यायचं ठरवलंय, कागद तयार आहे, पण ही बाई ऐकत नाही. म्हणते, त्या बँकेतल्या बाईनं वाचून दाखवल्याबिगर अंगठा देत नाही.

नूतनला त्याला दारातूनच परत लावावंसं वाटलं. पण बुधरी आत येऊन खाली बसली होती, पाणी पीत होती, आणि तिच्यादेखत भांडून तिच्या पदरात काय पडणार होतं? गुलाबरावांनी पोरीला बाहेर झोक्यावर नेलं. नूतननं कागद घेतला आणि वाचला, एकही ओळ न गाळता.

'माझे पती मुखरू हे दिनांक दहा जानेवारी रोजी कामावर नव्हते. ते सुटी घेऊन अहेरी येथे एटीएममधून पैसे काढण्यास गेले होते. तेथे रस्त्यावर अनोळखी वाहनाच्या धडकेने त्यांचा मृत्यू झाला. ठेकेदाराचा यात काही संबंध नाही. माझी यापुढे कोणतीही तक्रार नाही. वरील मजकूर मला वाचून दाखविला, समजला व मान्य आहे.'

"सगळं खोटं आहे हे, बुधरीबाई," नूतन म्हणाली.

"मले मालूम हाय." बुधरीनं पदरानं तोंड पुसलं. "अंगठा नाई देल्ला त विम्याचे पैसे भेटन का?"

नूतनला खोटं बोलावंसं वाटलं. आणखी एक अर्ज करू, वरच्या कोर्टात जाऊ, असं काहीतरी. पण तिच्याजवळ नोकरी नव्हती, दाखला दुरुस्त होणार नव्हता, आणि एकोणीस माणसं यार्डात ताडपत्र्या बांधत होती.

"नाही मिळणार," ती म्हणाली.

"मंग आना तो पॅड."

मुनशीनं शाईचं पॅड पुढं केलं, आणि कागदाच्या तळाशी बोट ठेवून नूतनला म्हणाला, "मॅडम, इथी तुमची सही लागन. वाचून दाखवनारी म्हनून."

"मी नाही करणार सही."

"करा, बाई," बुधरी म्हणाली. तिनं अंगठा शाईत बुडवलेला होता, कागदावर टेकवला नव्हता. "पयले तुमीन लिवून देल्लं का तो अहेरीले गेला होता. आता मी देऊन राह्यलो. दोघीनं लिवून देल्ल्यावर तो गेलाच असन. पोरीलेबी आता तसंच सांगा लागन मले, नाईतर ते उद्या इचारन, का माहा बाप कामावर मेला त मायनं असा अंगठा काऊन देल्ला."

तिनं कागदावर अंगठा उठवला. नूतननं पेन घेतलं आणि 'वाचून दाखवणारी व्यक्ती' याच्यापुढं आपलं पूर्ण नाव लिहिलं.